आपला फीडर कोणता?

वीज कधी जाणार आणि कधी येणार, हे आधीच ठरलेले असते असे प्रसंग महाराष्ट्रात वर्षभर येतात. शहरात देखभाल-दुरुस्तीचा ठरलेला वार असतो, पावसाळ्याआधी फांद्या छाटण्यासाठी लाइन बंद ठेवतात, शेतीपंपांच्या पाळ्यांचे तक्ते निघतात आणि टंचाईच्या काळात भारनियमन लागते. या सगळ्यांच्या वेळा कुठेतरी लिहिलेल्या असतात. तरी लाईट गेली की आपण खिडकीतून शेजाऱ्याला विचारतो, ओळखीच्या वायरमनला फोन लावतो, गावच्या ग्रुपवर प्रश्न टाकतो. माहिती ज्या नावाखाली लिहिलेली असते ते नावच घरात कुणाला ठाऊक नसते, म्हणून हे होते. वीज बंदचे वेळापत्रक गावाच्या, पेठेच्या किंवा सोसायटीच्या नावाने तयार होत नाही, ते फीडरच्या नावाने होते. ग्राहकाला फीडर माहीत नाही आणि वीज कंपनीही त्याला तो आपणहून सांगत नाही. या विषयातला बहुतेक गोंधळ या एका त्रुटीतून निघतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी रचना समजून घेऊ. उपकेंद्रात, म्हणजे लोक ज्याला सबस्टेशन म्हणतात तिथे, साधारणपणे ३३ केव्ही दाबाची वीज येते. ती तिथे ११ केव्हीवर उतरवतात. पुण्यासारख्या काही भागांत २२ केव्हीचेही जाळे आहे. तिथून निरनिराळ्या दिशांना वाहिन्या निघतात. अशी एकेक वाहिनी म्हणजे एक फीडर. फीडरवर ठिकठिकाणी रोहित्रे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या डीपी, आणि डीपीवरून लघुदाबाच्या तारा घरापर्यंत. उपकेंद्रातला यंत्रचालक ब्रेकर उघडतो तेव्हा तो अख्खा फीडर बंद होतो. एका रस्त्याच्या दोन बाजू दोन फीडरवर असू शकतात, म्हणून समोरच्या घरी दिवे दिसतात आणि आपल्याकडे अंधार असतो. यात कुणाचा पक्षपात नसतो, तारांची वाट वेगळी असते. फीडरला नाव पडते ते बहुधा तो टाकला त्या वेळच्या एखाद्या ठळक खुणेवरून. ती खूण पुढे पुसली जाते, वस्ती चारी बाजूंनी वाढते, नाव मात्र तसेच राहते. म्हणून वर्तमानपत्रात ‘अमुक फीडर सकाळी १० ते दुपारी ४ बंद’ असे छापून आले तरी त्या फीडरवर राहणाऱ्या निम्म्या माणसांना ती बातमी आपली वाटतच नाही.

मग आपला फीडर शोधायचा कसा? सुरुवात वीजबिलापासून करावी. महावितरणच्या बिलावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो, बिलिंग युनिट असते आणि पीसी, चक्र, मार्ग, क्रम असे आकडे एका ओळीत असतात. त्या ओळीच्या शेवटी डीटीसी क्रमांक येतो. तो आपल्या रोहित्राचा क्रमांक, आणि बहुतेक ठिकाणी डीपीवर रंगाने लिहिलेलाही दिसतो. हा क्रमांक घेऊन जवळच्या शाखा किंवा उपविभाग कार्यालयात गेले की रोहित्र कोणत्या फीडरवर आणि फीडर कोणत्या उपकेंद्रातून निघतो हे सांगता येते, कारण वीजहानीचा हिशेब ठेवण्यासाठी कंपनीला ही जोडणी नोंदवावीच लागते. एकदा विचारलेली ही माहिती मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. सोसायटीत ती सूचनाफलकावर लावावी, गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. एवढे केले की वर्तमानपत्रातले निवेदन, कंपनीचे प्रसिद्धिपत्रक आणि फोनवरचे उत्तर या तिन्हींना अर्थ येतो. एक सावधगिरी मात्र हवी. भार वाढला किंवा नवे उपकेंद्र झाले की रोहित्रे एका फीडरवरून दुसऱ्यावर हलवली जातात, तेव्हा ही नोंद अधूनमधून पडताळावी लागते.

दुसरी वाट मोबाइलची. ग्राहक क्रमांकाला जोडलेल्या नंबरवर नियोजित बंदचे आणि बिघाडाचे एसएमएस येतात. ही सोय फीडरच्या अडचणीवर सरळ तोडगा काढते, कारण जोडणी कंपनीच्या संगणकातच झालेली असते आणि ग्राहकाला फीडरचे नाव माहीत असण्याची गरज उरत नाही. पण ती ज्याच्यापर्यंत पोचायला हवी त्याच्यापर्यंत पोचत नाही अशी घरे फार आहेत. शहरात भाडेकरू राहतो आणि एसएमएस घरमालकाला जातो. खेड्यात मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा हयात नाहीत, आणि नोंदवलेला नंबर पुण्याला नोकरीला असलेल्या काकांचा. घरातली आजारी आई, दळणाची गिरणी चालवणारी बाई, ऑनलाइन परीक्षेला बसलेला मुलगा यांच्यापैकी कुणाच्याही हातात ती सूचना येत नाही. नंबर बदलणे अवघड नाही. महावितरणच्या अॅपवरून, संकेतस्थळावरून किंवा ग्राहक सेवा केंद्राला फोन करून तो बदलता येतो, आणि तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक देशभर सारखाच आहे. भाडेकराराच्या वेळी अनामत रक्कम, पाणीपट्टी यांची चर्चा होते तशी वीजमीटरला कुणाचा नंबर जोडायचा याचीही व्हावी.

वेळापत्रक हातात आले तरी ते वाचताना एक भेद मनात पक्का हवा. वीज जाण्याची काही कारणे आधी ठरवता येतात, काही येतच नाहीत. देखभालीसाठीचा शटडाउन ठरवता येतो, शेतीपंपांची पाळी ठरवता येते, टंचाईतले भारनियमनही बऱ्याच अंशी ठरवता येते. बिघाड ठरवता येत नाही. आणि एक पाचवा प्रकार आहे, ज्याबद्दल लोकांना फारच थोडे सांगितले जाते. आपल्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झ ठेवायची असते; चालू नियमांत ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा मानला जातो. मागणीपेक्षा निर्मिती अचानक कमी पडली, एखादा मोठा संच बंद पडला, की वारंवारता घसरते. ती ४९.४ हर्ट्झपर्यंत आली की उपकेंद्रांतले रिले माणसाच्या हुकमाची वाट न पाहता ठरावीक फीडर तोडतात. आणखी घसरली तर आणखी फीडर. काही वेळा राज्य भार प्रेषण केंद्राकडून तातडीचा आदेश येतो आणि यंत्रचालक काही मिनिटांत फीडर बंद करतो. हे केले नाही तर काय होते ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारताने पाहिले. ग्रिड कोसळून कोट्यवधी लोक अंधारात गेले. तेव्हा अशा तातडीच्या तोडणीला वेळापत्रकात जागा नाही आणि असूही शकत नाही. पण वीज आल्यानंतर ती कशामुळे गेली होती हे ग्राहकाला नक्कीच सांगता येते. तसे सांगितले जात नाही, म्हणून लोकांच्या लेखी सगळे प्रकार एकच होतात आणि छापलेल्या वेळापत्रकावरचाही विश्वास उडतो.

भारनियमनाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आजच्या सगळ्या तक्त्यांची घडण तिथली आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्र स्वतःला विजेत संपन्न समजत होता. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, नवी निर्मिती उभी राहिली नाही, मागणी मात्र चढत गेली. २००५ च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या, त्या नेमक्या टंचाईच्या ऐन काळात. पुढची काही वर्षे सकाळ-संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी राज्यात चार-पाच हजार मेगावॅटची तूट असे. खेड्यांत दिवसातले दहा-बारा तास वीज नसणे नेहमीचे झाले. मुलांनी दहावीचा अभ्यास कंदिलावर केला, पिठाच्या गिरण्या रात्री चालल्या, नळपाणी योजनांच्या टाक्या भरेनात. मुंबईला स्वतंत्र कंपन्यांची आणि जवळच्या वीजकेंद्रांची साथ असल्याने ती या सगळ्यातून बरीचशी वाचली. त्या विषमतेचा राग मराठवाड्यात, विदर्भात आणि खानदेशात अजूनही ऐकू येतो. तो खोटा नाही.

कुणाकडे किती तास वीज बंद ठेवायची, हे ठरवण्याचे तत्त्व महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर मांडले गेले, त्यावर सुनावण्या झाल्या आणि आदेश निघाले. त्यातून आलेली कसोटी म्हणजे वितरण आणि वसुलीची हानी. फीडरवर पाठवलेल्या विजेपैकी किती युनिटचे बिल झाले आणि झालेल्या बिलापैकी किती पैसे आले, या दोन्हींचा मिळून हिशेब काढायचा. हानी कमी असेल तर फीडर ‘अ’ गटात आणि भारनियमन कमी. हानी वाढेल तसा गट खाली आणि तास जास्त. पुढे या यादीत ‘ग’ गटाचे १, २, ३ असे उपगटही आले. ऊर्जा खात्याने डिसेंबर २०१२ पर्यंत राज्य भारनियमनमुक्त करण्याची घोषणा केली. पुढच्या काळात वरच्या गटांतले भारनियमन थांबले, आणि तळाच्या गटांना मात्र ‘जादा हानीचे फीडर’ म्हणून तास सोसावे लागले.

या कसोटीत तर्क आहे. तूट वाटायचीच असेल तर जिथे वीज चोरीला जाते आणि पैसे येत नाहीत तिथे ती जास्त वाटावी, असे कंपनीचे म्हणणे. आकडे टाकून वीज घेणाऱ्याला फुकट वीज आणि बिल भरणाऱ्याला भारनियमन, हा उलटा न्याय या कसोटीने काही प्रमाणात मोडला, हेही मान्य करायला हवे. पण फीडरवर शेकडो घरे असतात आणि शिक्षा फीडरला होते. दर महिन्याला मुदतीच्या आत बिल भरणारी विधवा आणि तिच्या घरामागे तारेवर आकडा टाकणारा माणूस एकाच फीडरवर असतील तर दोघांकडे सारखाच अंधार. तिने काय केले असता तिचे तास कमी झाले असते? काहीच नाही. चोरी पकडण्याचे काम कंपनीचे, तिचे नाही. शिवाय कोणत्या महिन्याच्या आकड्यांवरून आपला गट ठरला, तो पुन्हा कधी तपासला जाईल, आपल्या फीडरची हानी किती, हे तिला कुणी सांगत नाही. सामूहिक शिक्षा द्यायचीच असेल तर निदान तिचा हिशेब चावडीवर लागला पाहिजे, एवढी माझी अपेक्षा आहे.

त्याच काळात दोन वेगळे प्रयोग झाले आणि ते आठवायला हवेत, कारण दोन्हींत वेळापत्रकाच्या बाबतीत लोकांना काही म्हणायला मिळाले. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी स्वतःची जनित्रे गरजेच्या वेळी चालवून ग्रिडवरचा भार उतरवला, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून थोडा आकार घेऊन भागवला आणि शहराचे भारनियमन टळले. आयोगाने त्याला परवानगी दिली होती. दुसरा प्रयोग खेड्यातला, अक्षय प्रकाश योजनेचा. गावाने एकत्र बसून ठरवायचे की संध्याकाळच्या वेळी कुणी पंप किंवा थ्री फेज यंत्रे चालवणार नाही, आणि बदल्यात गावाला दिव्यापुरती वीज मिळायची. पुण्याने पैसे मोजून वीज मिळवली, गावांनी संयमाने. दुसऱ्या प्रयोगाबद्दल मला अधिक आदर आहे. त्यात कुणा एकाने शब्द मोडला तर सगळ्या गावाचा दिवा जाणार होता, आणि तरीही अनेक गावांनी तो पाळून दाखवला.

पुढे गावठाण फीडर आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याचे काम झाले. गुजरातने ‘ज्योतिग्राम’ योजनेत तेच केले होते. त्यामुळे गावातल्या घरांना जवळपास पूर्णवेळ वीज आणि शेतीपंपांना पाळीने, अशी विभागणी शक्य झाली. फीडर वेगळे न झालेल्या ठिकाणी ‘सिंगल फेज’चा मार्ग वापरला: पाळी संपली की थ्री फेज बंद, पण दिव्यांपुरता एक फेज चालू. शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावून त्यावरही मोटारी चालवल्या, मोटारी जळल्या, रोहित्रे जळली. पिकाला पाणी हवे आणि वीज मध्यरात्री येणार, या कोंडीतून काढलेली ती वाट होती. तिला नुसती चोरी म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

सगळ्यांत जास्त माणसांच्या झोपेवर परिणाम करणारे आणि शहरात सगळ्यांत कमी माहीत असलेले वेळापत्रक शेतीपंपांचे आहे. राज्यात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कृषिपंप जोडण्या आहेत. सगळे पंप एका वेळी चालवण्याइतकी वीजही नाही आणि तारांची ताकदही नाही, म्हणून फीडरचे गट पाडून चक्राकार पाळ्या लावल्या जातात. वर्षानुवर्षे पद्धत अशी की आठवड्यातले काही दिवस दिवसा ८ तास थ्री फेज आणि बाकीचे दिवस रात्री. रात्रीचे तास काही काळ १० होते, पुढे तेही ८ झाले. पाळ्या ठरावीक काळाने बदलतात, आणि बदललेला तक्ता विभाग कार्यालयातून उपकेंद्राकडे जातो. शेतकऱ्याला तो कळतो लाइनमनकडून किंवा ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोतून, ज्यात रकाने धूसर आणि आकडे बारीक असतात.

या तक्त्यातली नेहमीची फसगत मध्यरात्रीची. ‘सोमवार, रात्री १२.३० ते सकाळी ८.३०’ असे लिहिले असेल तर ते रविवारी झोपण्याआधीचे की सोमवारी झोपण्याआधीचे? चोवीस तासांच्या घड्याळाने पाहिले तर रविवारची रात्र संपत असतानाच सोमवारचे ०.३० वाजतात. शेतावर जाणाऱ्या माणसाच्या मनात मात्र ‘सोमवारची रात्र’ म्हणजे सोमवार मावळल्यानंतरची. एका चुकीच्या वाचनाने एक पाळी हुकते, आणि पुढची येईपर्यंत गव्हाचे ओंबीतले पाणी राहून जाते. तक्त्यात दोन्ही वार लिहिण्याने, म्हणजे ‘रविवार-सोमवार मधली रात्र’ एवढ्या शब्दांनी, हा घोळ मिटतो. यासाठी पैसे लागत नाहीत, तक्ता करणाऱ्याला एकदा शेतकऱ्याच्या जागी उभे राहावे लागते.

पाळीत लिहिलेले ८ तास प्रत्यक्षात ८ तास भरत नाहीत, हा पुढचा मुद्दा. पाळी सुरू होते त्या मिनिटाला सगळ्यांचे ऑटोस्विच एकदम मोटारी चालू करतात, रोहित्रावर भार आदळतो, फ्यूज उडतो. लाइनमन येईपर्यंत तास-दीड तास गेला. मग दाब इतका कमी की मोटार नुसती गुरगुरते. दाब सुधारण्यासाठी कपॅसिटर बसवा आणि ऑटोस्विच काढा, असे कंपनी सांगत असते आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण ऑटोस्विच काढायचा म्हणजे रात्री साडेबाराला माणसाने उठून शेतात जायचे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. इतरत्र साप, विंचू आणि थंडी. म्हणून दिवसा वीज ही मागणी इतकी जुनी आणि इतकी तीव्र आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दिवसा १० तास विजेसाठी धरणे धरले ते याचसाठी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प उभारायचे, त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची आणि पाळी उन्हाबरोबर ठेवायची, अशी ती कल्पना. जिथे ती उतरली तिथे रात्रपाळी गेली. माझ्या लेखी गेल्या वीस वर्षांत वीज वेळापत्रकात झालेला हा सर्वांत माणुसकीचा बदल आहे, आणि तो फीडरनिहाय होत असल्याने कोणता फीडर कधी दिवसपाळीवर येणार याची यादी तालुक्याच्या पातळीवर खुली असायला हवी.

शहरांत रोजचा संबंध येतो तो देखभाल-दुरुस्तीच्या शटडाउनशी. औद्योगिक सुट्ट्यांचे वार टंचाईच्या काळात वेगवेगळ्या भागांना वाटून दिले गेले होते. पिंपरी-चिंचवडला गुरुवार, नाशिकला शनिवार. पुण्यात देखभालीची कामेही गुरुवारी काढण्याची रीत पडली. मे महिन्यात अशी कामे वाढतात आणि लोक वैतागतात: ऐन उन्हाळ्यात का? कारण जूनमध्ये असते. तारांवर टेकलेल्या फांद्या पहिल्या वादळाआधी छाटाव्या लागतात. खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर दिवसभर उन्हात तापतात आणि त्यांच्यावर पावसाचे पहिले थेंब पडले की तडकतात. तडे गेलेल्यांतून वीज खांबात उतरते आणि फीडर ट्रिप होतो. पहिल्या सरीला हमखास लाईट जाते ती बऱ्याचदा यामुळे. मेमधले चार तास न दिल्यास जूनमधली रात्र जाते, आणि तेव्हा चिखलात खांबावर कुणाला तरी चढावे लागते.

अशा शटडाउनच्या वेळा पाच-दहा मिनिटांच्या काट्यावर का राहत नाहीत, हेही समजून घ्यावे. लाइनमन आधी उपकेंद्रातून परमिट घेतो. लाइन बंद झाल्याची खात्री करून, ती जमिनीला जोडून तो चढतो. काम संपल्यावर सगळी माणसे खाली आल्याची खात्री करून परमिट परत करतो आणि मगच ब्रेकर लावला जातो. या साखळीत घाई झाली तर माणूस जातो. म्हणून ‘४ वाजता येणार होती, साडेचार झाले’ म्हणून उपकेंद्रावर फोनचा मारा करणे थांबवले पाहिजे. उलट बाजूचा धोकाही तेवढाच गंभीर आहे. घरचे जनित्र चेंजओव्हर स्विचशिवाय जोडलेले असेल तर त्याची वीज उलटी तारांवर जाते आणि बंद समजून हात लावलेल्या लाइनमनला लागते. आणि काम लवकर आटोपले तर वीज वेळेआधी येते, तेव्हा वेळापत्रकातले तास हे कुणीही स्वतः तारेला हात लावण्याचे तास समजू नयेत.

कायद्याने ग्राहकाला इथे काय दिले आहे? केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम अधिसूचित केले. त्यांत नियोजित बंदची माहिती ग्राहकांना देणे आणि अनपेक्षित बिघाड झाल्यास एसएमएस किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने लगेच कळवून वीज परत येण्याची अंदाजे वेळ सांगणे, हे वितरण कंपनीचे काम म्हणून लिहिले आहे. राज्य आयोगाचे २०२१ चे विनियम वीजपुरवठ्याची आणि सेवेची मानके ठरवतात. ती पाळली नाहीत तर भरपाईची तरतूद आहे. कंपनीच्या तक्रार कक्षात दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यापुढे विद्युत लोकपाल. पण मंचासमोर उभे राहायचे तर पुरावा लागतो: कोणता फीडर, किती वाजता गेली, किती वाजता आली, आधी सूचना होती की नाही. ही नोंद ग्राहकाकडे नसते. कंपनीकडे असते, उपकेंद्राच्या नोंदवहीत आणि मीटरच्या स्मृतीत.

पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने ही उणीव ओळखली होती. २००७ पासून त्यांनी घरांत आणि दुकानांत साध्या प्लगला लागणारी छोटी यंत्रे बसवून मिनिटामिनिटाचा दाब नोंदवायला सुरुवात केली, पुढे ती अनेक राज्यांत गेली आणि नोंदी सर्वांना पाहता आल्या. कागदावरची वेळ आणि भिंतीतल्या प्लगवरची वेळ यांची तुलना त्यामुळे शक्य झाली. सरकारी पातळीवरही ‘ऊर्जा मित्र’सारखी व्यवस्था २०१६ मध्ये आली, तिच्यातून बंदची माहिती ग्राहकांपर्यंत पोचावी असा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण वरून खाली माहिती पाठवणारी कोणतीही व्यवस्था शेवटी उपकेंद्रातल्या माणसाने वेळ भरण्यावर अवलंबून असते, आणि त्याच्याकडे आधीच फोन, परमिटे आणि ब्रेकर आहेत.

बाहेरच्या दोन देशांकडे पाहिले तर काय वेगळे करता येते ते दिसते. दक्षिण आफ्रिकेत २००८ पासून भारनियमनाचे अनेक कालखंड आले. तिथे टंचाईला टप्पे दिले: पहिला टप्पा म्हणजे १,००० मेगावॅटपर्यंतची कपात, दुसरा २,०००, असे चढत. प्रत्येक उपनगराचा गट आणि प्रत्येक टप्प्यातल्या त्याच्या वेळा आधीच छापलेल्या, म्हणून ‘आज चौथा टप्पा’ एवढे जाहीर झाले की माणसाला आपले तास कळत. बहुतेक ठिकाणी पाळी दोन तासांची, आणि वीज परत लावायला अर्धा तास धरलेला. त्या तक्त्यांवर उभे राहिलेले एक खासगी अॅप घराघरांत गेले. श्रीलंकेत २०२२ च्या मार्चअखेरीस परकीय चलन आणि इंधन संपल्याने दिवसाला १३ तासांपर्यंत वीज बंद राहिली. तिथेही देश इंग्रजी अक्षरांच्या गटांत वाटला होता आणि आपले अक्षर कोणते हे लोकांना ठाऊक झाले. दोन्ही देशांतले हाल मोठे होते आणि त्यांचे कौतुक करण्यासारखे काही नाही. पण तांत्रिक गटाचे भाषांतर माणसाच्या पत्त्यात करून देण्याचे काम तिथल्या यंत्रणेने स्वतःकडे घेतले होते. २०२२ च्याच एप्रिलमध्ये महाराष्ट्रात उकाडा आणि कोळशाची टंचाई एकत्र आली, महावितरणची मागणी २४ हजार मेगावॅटच्या वर गेली आणि भारनियमन परत आले, तेव्हा आपल्याकडे मात्र आपला गट कोणता, हेच हजारो घरांत नव्याने शोधावे लागले.

आता जुने मीटर जाऊन स्मार्ट मीटर बसवण्याची मोहीम सुरू आहे. तिच्या खर्चाबद्दल आणि बिलांबद्दल लोकांचे आक्षेप आहेत, त्यांची चर्चा वेगळी व्हावी. पण या मीटरमध्ये वीज गेल्याची आणि आल्याची वेळ नोंदवण्याची क्षमता असते. ती नोंद ज्याच्या पैशाने मीटर लागला त्याला दिसली पाहिजे. दर महिन्याच्या बिलावर, वापरलेल्या युनिटांशेजारी, त्या महिन्यात किती वेळा आणि एकूण किती तास वीज नव्हती, त्यातले किती तास आधी कळवलेले होते, हे छापता येते. आणि ग्राहक क्रमांकाखाली आणखी एक ओळ: उपकेंद्राचे नाव, फीडरचे नाव, रोहित्राचा क्रमांक. यातला रोहित्राचा क्रमांक आजही छापला जातो. उरलेली दोन नावे कंपनीच्या संगणकात त्याच क्रमांकाला जोडलेली आहेत, आणि ती छापायला कोणताही नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेने, सोसायटीने, ग्राहक पंचायतीने आपापल्या उपविभागाकडे लेखी मागावे असे हे पहिले काम आहे.